वर्गात उतरणारे देऊळ : आभासी वास्तव आणि उल्हास खोऱ्यातील शाळा

१८६८ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा एक गट अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी कामाला लागला. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी त्यांचे मार्गदर्शक होते. विद्यार्थ्यांनी मंदिराचे आराखडे काढले, शिल्पांची रेखाटने केली आणि निवडक भागांचे प्लॅस्टरचे ठसे घेतले. ठसा घेणे हे मोठे जिकिरीचे काम. लेप मूर्तीवर एकसंध चढवला तर तो कोरीव खाचांत अडकून बसतो आणि ओढून काढताना मूर्तीचेच नाक किंवा बोट निघून येण्याची भीती असते. म्हणून लेप लहान लहान तुकड्यांत लावायचा, प्रत्येक तुकडा वेगळा सोडवायचा, मग सगळे तुकडे पुन्हा जुळवून साचा बांधायचा आणि त्यात प्लॅस्टर ओतायचे. प्राचीन मंदिराची सरकारी आदेशाने अशी पद्धतशीर नोंद होण्याच्या देशातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत अंबरनाथची गणना होते. १८७४ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त या मंदिरावरचा लेख छापून आला.

जी वस्तू विद्यार्थ्याजवळ येऊ शकत नाही आणि जिच्याजवळ प्रत्येक विद्यार्थी जाऊ शकत नाही, ती तिच्या खऱ्या आकारासह शिकण्याच्या जागी आणून ठेवायची, हा त्या खटाटोपाचा हेतू. आज शाळांमध्ये व्हीआर म्हणजे आभासी वास्तवाचे चष्मे येऊ लागले आहेत, तेही याच हेतूने. मूल डोळ्यांवर हेडसेट चढवते, मान वळवते, आणि समोर फळ्याऐवजी हृदयाची झडप, मंगळावरची दरी किंवा हजार वर्षांपूर्वीचा मंडप उभा राहतो. हे नवल आहे, यात शंका नाही. त्यामागे जवळजवळ दोन शतकांचा प्रवास आहे, आणि त्या प्रवासातले काही मोलाचे टप्पे आपल्याच भागातले आहेत.

सुरुवात दोन डोळ्यांपासून झाली. माणसाच्या दोन बुबुळांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे सप्रमाण मांडले. त्याने एकाच वस्तूची दोन चित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्या. दोन आरशांच्या मदतीने ती एकेका डोळ्याला वेगळी दाखवताच कागदावरची रेघ घन होऊन उठली. डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये आरशांच्या जागी भिंगे बसवून हे उपकरण हातात धरण्याजोगे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अंडरवूड अँड अंडरवूड आणि कीस्टोन या कंपन्या शाळांसाठी अशा जोडचित्रांचे संच विकत होत्या. भूगोलाच्या तासाला मुले भिंगातून दूरदेशीचे डोंगर पाहत. आजच्या हेडसेटमध्येही मूळ युक्ती व्हीटस्टनचीच आहे : डोळे दोन, चित्रे दोन, आणि त्यांतून एक जग.

इकडे कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘शांभरिक खरोलिका’ उभी केली. परदेशात ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत, त्या दीपयंत्राचा हा मराठी अवतार. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली बारीक चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि अंधारात पडद्यावर उमटणारे पौराणिक प्रसंग. चित्राचा एक भाग दुसऱ्या काचेवर काढून ती काच सरकवली की पात्र हालचाल करी. भारतीय चित्रपटाच्या पूर्वेतिहासात पटवर्धनांचे नाव आदराने घेतले जाते. शिक्षणाच्या इतिहासातही ते घ्यायला हवे असे मला वाटते, कारण अंधार करून, सगळ्यांचे लक्ष एका उजळ जगात खेचून गोष्ट सांगण्याचे तंत्र या कुटुंबाने आपल्या हातांनी, आपल्या भाषेत घडवले. कल्याण ते अंबरनाथ हे लोकलने काही मिनिटांचेच अंतर.

पुढचा टप्पा पुण्याचा. टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. देशातील हे पहिले तारांगण मानले जाते, आणि ते एका शाळेच्या आवारात आहे, ही बाब मला विशेष मोलाची वाटते. तारांगण म्हणजे अनेकांनी एकत्र पाहायचे आभासी वास्तवच. घुमटाखाली बसलेल्या मुलाला कडेची चौकट दिसत नाही, चहूकडे आकाशच असते. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये खुले झाले, आणि पुढे बदलापूर-अंबरनाथच्या कित्येक मुलांना ध्रुवतारा आणि सप्तर्षी पहिल्यांदा नीट कळले ते शाळेच्या सहलीत, तिथल्या कलत्या खुर्चीवर.

डोक्यावर चढवायचे संगणकी यंत्र मात्र परदेशात जन्मले. अमेरिकन संशोधक आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये, म्हणजे अंबरनाथच्या त्या ठशांनंतर बरोबर शंभर वर्षांनी, पहिला हेडसेट दाखवला. तो इतका जड होता की छतापासून दांड्याने टांगावा लागे, आणि त्यात दिसत त्या केवळ रेघांच्या चौकटी. पण मान वळवली की चौकटही त्या मानाने वळे. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव रूढ केले. तरीही ही वस्तू प्रयोगशाळा आणि वैमानिक प्रशिक्षणाच्या पलीकडे फारशी गेली नाही. शाळेच्या आवाक्यात ती आली २०१४ मध्ये, गूगलच्या पॅरिसमधील दोन अभियंत्यांनी पुठ्ठ्याची घडी घालून चष्मा केला तेव्हा. पुठ्ठा, ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे, एक चुंबक आणि आत सरकवायचा साधा स्मार्टफोन. आराखडा सर्वांसाठी खुला ठेवल्यामुळे हा चष्मा कुठल्याही छोट्या कारखान्यात कापून तयार करता येऊ लागला.

पुठ्ठ्याच्या चष्म्यात खरे काम फोनच करतो. फोनमधला जायरोस्कोप मान किती अंश आणि कुठल्या दिशेला फिरली ते सतत मोजतो, आणि त्यानुसार दोन्ही डोळ्यांची चित्रे नव्याने काढली जातात. मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर मेंदूला तो जाणवत नाही. त्यापेक्षा वाढला की डोळे एक सांगतात, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे सांगते, आणि माणसाला मळमळू लागते. घाटात बस लागते त्यामागेही हाच विसंवाद असतो. पुठ्ठ्याच्या चष्म्यात फक्त मान वळवणे टिपले जाते. महागड्या हेडसेटमध्ये कॅमेरे असतात, त्यामुळे पाऊल पुढे टाकले, वाकून पाहिले, तरी दृश्य त्याप्रमाणे बदलते. शिल्पाच्या मागे डोकावायचे असेल तर हा दुसरा प्रकारच लागतो.

महाराष्ट्रात या दिशेने जी वाट पडली ती हेडसेटवाचून पडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची कल्पना राबवली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड छापले जाऊ लागले. डिसले यांनी व्हिडिओ कॉलवरून ‘व्हर्च्युअल सहली’ घेऊन जगभरातल्या वर्गांना एकमेकांशी जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि त्या बक्षिसाच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड फोनने टिपला की दीक्षा या मंचावरचे साहित्य उघडते. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ उपक्रमात आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनी विज्ञानाचे प्रयोग संगणकावर करता येतील अशी सोय केली आहे. म्हणजे शिक्षकांची तयारी आहे, साहित्य पोहोचवण्याचा रस्ताही आहे. त्या रस्त्यावरून आपल्या मुलांपर्यंत काय न्यायचे, हे ठरवायचे आहे.

ते ठरवण्याआधी संशोधकांनी काय पाहिले तेही समजून घ्यायला हवे. २०१८ मध्ये जोसलिन परोंग आणि रिचर्ड मेयर यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना शरीरातील पेशींचा पाठ व्हीआरमध्ये दाखवला, इतरांना तोच पाठ साध्या स्लाइडवर. व्हीआरवाले जास्त रमले, पण चाचणीत गुण जास्त मिळाले ते स्लाइडवाल्यांना. २०१९ मध्ये गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर आभासी प्रयोगशाळेचा असाच अभ्यास केला. हेडसेटमध्ये ‘आपण तिथे आहोत’ ही जाणीव वाढली, शिकणे कमी झाले, आणि मेंदूच्या विद्युतलहरींच्या मोजमापात मेंदूवरचा भार वाढलेला आढळला.

हे वाचून हेडसेट कपाटात बंद करण्याचे कारण नाही. परोंग आणि मेयर यांच्याच दुसऱ्या प्रयोगात अतिशय उपयोगी गोष्ट निघाली. पाठाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना चष्मा काढून आपल्या शब्दांत सारांश लिहायला लावला, तेव्हा शिकणे सुधारले आणि गोडीही कमी झाली नाही. व्हीआरच्या शैक्षणिक उपयोगाबद्दल मला जे काही सांगायचे आहे ते या निष्कर्षाभोवती आहे. चष्म्यातली पाच-सात मिनिटे आणि त्यानंतरची वही-पेन्सिल, दोन्ही मिळून पाठ पूर्ण होतो. आणि ही महागडी पाच-सात मिनिटे अशाच गोष्टीवर खर्चावीत, जी चित्रात मावत नाही.

अंबरनाथचे मंदिर ही अशी गोष्ट आहे. शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातला शिलालेख मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूला आहे. त्यावरचा शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. काळ्या बेसाल्टचे हे भूमिज शैलीतले मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपातून गाभाऱ्यात जायला सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात, आणि खाली उभे राहून वर पाहिले की आकाश दिसते, कारण शिखर आज पूर्ण नाही. मंडपाचे कोरीव छत, वरचे आकाश आणि पायाखालचा गारवा यांचे परस्परांशी नाते कुठल्याही एका छायाचित्रात येत नाही. ज्या मुलाला पायऱ्या उतरता येत नाहीत, जे चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याच्या बाबतीत तर त्रिमिती प्रतिकृतीला पर्यायच नाही. वर्गमित्रांनी पाहिलेला गाभारा त्यालाही आतून पाहता येईल.

अशी प्रतिकृती करण्याच्या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. एकाच शिल्पाचे शेकडो फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढायचे, लगतच्या दोन फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के भाग सामाईक राहील अशा बेताने. मग संगणक प्रत्येक फोटोतले ओळखीचे बिंदू शोधतो. छिन्नीचा एखादा टवका, दगडातला एखादा छिद्राळ ठिपका. तो ठिपका किमान तीन फोटोंत सापडला की कॅमेरा कुठे होता आणि ठिपका किती लांब होता हे भूमितीने काढता येते. असे लाखो ठिपके जुळून शिल्पाचा पृष्ठभाग उभा राहतो. बाहेरच्या भिंतीवर मांडीवर देवी घेतलेली तीन मुखांची मूर्ती आहे, ती अशा कामाला उत्तम. झिजलेल्या, खडबडीत बेसाल्टवर ठिपके भरपूर सापडतात. जिथे हातांनी आणि तेलाने दगड गुळगुळीत चकाकता झाला आहे तिथे संगणक गोंधळतो, कारण चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते. ऊनही चालत नाही, सावल्या फिरतात. ढगाळ दिवस निवडावा. चौकटीत एक मोजपट्टी ठेवावी, नाहीतर प्रतिकृती हुबेहूब होते पण ती वीतभर आहे की पुरुषभर हे कळत नाही. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा असे काम त्यांच्या परवानगीनेच करायचे.

शिलालेखाची कथा तर विज्ञान आणि इतिहास दोन्ही तासांना सांगण्यासारखी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला. त्यानुसार मंदिर इ. स. ८६० चे ठरत होते. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो आकडा ९८२ आहे हे दाखवले आणि मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. वा. वि. मिराशी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिलाहारांच्या लेखसंग्रहातही हाच शक आहे. भाऊ दाजी मोठे विद्वान होते. झिजलेल्या दगडावरचा एक अंक किती फसवू शकतो, एवढेच यातून कळते. अशा झिजलेल्या अक्षरांसाठी उपयोगी पडणारी एक पद्धत २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडली. कॅमेरा तिवईवर जागचा हलू द्यायचा नाही आणि दिवा मात्र दर फोटोला नव्या दिशेने तिरपा मारायचा. चौकटीत एक काळा चकचकीत गोळा ठेवायचा. त्यावरच्या प्रकाशबिंदूच्या जागेवरून दिवा कुठे होता ते संगणक ओळखतो. हे सगळे फोटो एकत्र झाले की पडद्यावर बोट फिरवून दिवा हवा तिथून टाकता येतो, आणि दिवसाच्या उजेडात न दिसणारी खाच उठून येते. हा प्रयोग आठवीचा वर्ग एक फोन आणि एक विजेरी घेऊन जुन्या नाण्यावरही करू शकतो.

अपुऱ्या शिखराचे काय करायचे, हा मात्र प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर अकराव्या शतकातलेच, भूमिज शैलीचे, आणि त्याचे शिखर शाबूत आहे. त्याच्या आधारे अंबरनाथचे शिखर कसे असावे याचा अंदाज संगणकावर बांधता येतो. पण मुलाला जे दिसेल ते त्याला खरेच वाटणार. व्हीआरमध्ये कल्पनाही दगडाइतकीच भक्कम दिसते. वारसास्थळांच्या अशा दृश्यांसाठी ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वे २००६ मध्ये तयार झाली. पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. तेव्हा अनुमानाने उभे केलेले शिखर फिक्या, अर्धपारदर्शक रंगात दाखवावे, आणि बटण दाबले की ते नाहीसे होऊन आजचे खुले आकाश दिसावे. इतिहास म्हणजे काय हे यातून मुलांना जितके समजेल तितके व्याख्या पाठ करून समजणार नाही.

अंबरनाथहून कल्याणच्या बाजूला एक स्टेशन गेले की उल्हासनगर. तिथला विषय निराळा आणि हळवा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले होते. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच म्हणतात. ज्यांनी शिकारपूर, लाडकाना, हैदराबाद किंवा कराचीतले घर मुलाच्या डोळ्यांनी पाहिले, ती पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमधील भारतीय, पाकिस्तानी आणि ब्रिटिश तरुणांनी ‘प्रोजेक्ट दास्तान’ सुरू केला. फाळणीत सीमा ओलांडलेल्या वृद्धांकडून त्यांच्या घराच्या, शाळेच्या, देवळाच्या किंवा मशिदीच्या खुणा विचारून घ्यायच्या. सीमेपलीकडच्या स्वयंसेवकांनी त्या खुणांवरून जागा हुडकायची, ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचे, आणि ते हेडसेटवर त्या वृद्धांना दाखवायचे. याच गटाचा ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ हा व्हीआर चित्रपट २०२२ च्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला.

हे काम उल्हासनगरच्या शाळांनी मनावर घ्यावे असे फार वाटते. इथे माहितीचा खजिना घराघरांत आहे. मुलाने आजोबांना, म्हणजे घरात ज्यांना ते दादा म्हणते त्यांना, शेजारी बसवून विचारावे : घराचे दार कुठल्या दिशेला होते, पाणी कुठून यायचे, शाळेत जाताना वाटेत कोणाचे दुकान लागायचे. उत्तरांवरून गल्लीचा नकाशा काढावा. जुने घर आज उभे असेलच असे नाही, आणि असले तरी तिथे पोहोचणे सोपे नाही. पण नकाशावरून संगणकावर साधे त्रिमिती घर उभे करणे नववी-दहावीच्या मुलांना जमते, त्यासाठी ब्लेंडरसारखी विनामूल्य साधने आहेत. मग तो चष्मा आजोबांना द्यावा आणि चुका विचाराव्यात. जिना उजवीकडे होता, खिडक्या एवढ्या मोठ्या नव्हत्या, छतावर वारा घेणारे मंघ होते. सिंधमधल्या हैदराबादच्या घरांवर असे वारा आत ओढणारे उंच झरोके असत. प्रत्येक दुरुस्तीबरोबर इतिहासाचा एक पुरावा वहीत उतरतो. वृद्ध माणसाला मात्र हा चष्मा खुर्चीवर बसवूनच द्यावा, जवळचे माणूस शेजारी असावे, आणि त्यांनी नको म्हटले तर तिथेच थांबावे. कित्येकांसाठी ती आठवण रक्तबंबाळ आहे.

बदलापूरला हेडसेटपेक्षा दुसरे एक साधन अधिक शोभते. ते म्हणजे वाळूची पेटी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक ऑलिव्हर क्रायलोस आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या साधनात टेबलाएवढ्या पेटीत वाळू असते. वर खोली मोजणारा कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर बसवलेला असतो. मुलांनी हातांनी वाळूचा डोंगर रचला की कॅमेरा प्रत्येक ठिकाणची उंची मोजतो आणि प्रोजेक्टर लगेच त्या वाळूवर रंग आणि समोच्च रेषा टाकतो. डोंगर उकरला की रेषा सरकतात, खड्डा केला की तो निळा होतो. पेटीवर हात पसरून धरला की हाताखाली पाऊस पडू लागतो, आणि ते आभासी पाणी उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. खर्च कॅमेरा, प्रोजेक्टर आणि चांगला संगणक यांचाच.

बदलापूरच्या मुलांनी या पेटीत आपलाच भूगोल रचावा. एका बाजूला चंदेरी आणि माथेरानची रांग, मध्ये उल्हास नदीचे पात्र, काठाशी रेल्वेचा रूळ आणि वस्ती. मग पाऊस पाडावा. २६ जुलै २००५ च्या पुरात इथे काय झाले हे घरातली मोठी माणसे अजून सांगतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, आणि एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक गावकऱ्यांच्या मदतीने हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. रूळ उंच आणि गाडी अडकली कशी, हा प्रश्न वाळूत सुटतो. डोंगरावरून येणारे ओढे बुजवले, काठाची सखल जमीन भराव टाकून उचलली, तर तेच पाणी कुठे जाते हे मुले दहा मिनिटांत स्वतःच्या हातांनी करून पाहतात. शिवाय पेटीभोवती दहा-बारा मुले एकत्र उभी राहतात, वाद घालतात, एकमेकांचा डोंगर पाडतात. साठ मुलांच्या वर्गात एकेकट्याने डोळे झाकून पाहायच्या यंत्रापेक्षा हे अधिक सोयीचे.

हेडसेट एकट्याचा असावा अशी जागा म्हणजे कौशल्याचे शिक्षण. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकताना सुरुवातीचे कित्येक रॉड वाया जातात आणि डोळे, हात पोळण्याचा धोका असतो. वेल्डिंग सिम्युलेटरमध्ये शिरस्त्राणाच्या आतच पडदा असतो, हातातली टॉर्च खऱ्या वजनाची असते, आणि यंत्र तिचा कोन, वेग आणि पत्र्यापासूनचे अंतर मोजून चूक तत्काळ दाखवते. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. गळती झाली तर झडप कुठली बंद करायची, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला पळायचे, याचा सराव खऱ्या वायूत करता येत नाही. तो आभासीच करायला हवा.

शाळेने चष्मे घ्यायचे ठरवले तर काही गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. बहुतेक कंपन्या लहान मुलांसाठी वयाची अट घालतात, ती पाळावी. मुलांच्या बुबुळांतले अंतर मोठ्यांपेक्षा कमी असते, त्यामुळे मोठ्यांच्या मापाचा हेडसेट त्यांना धूसर दिसतो आणि डोके दुखते. काही मुलांना दोन डोळ्यांनी खोली जाणवतच नाही. एका डोळ्याची दृष्टी मंद असेल तर असे होते, आणि घरच्यांना ते ठाऊकही नसते. ‘मला काही वेगळे दिसत नाही’ असे मूल म्हणाले तर त्याला रागावू नये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावे. पाहताना फिरत्या खुर्चीवर बसवावे, उभे करू नये. दर मुलामागे भिंगाची कड आणि चेहऱ्याला टेकणारी फोमची गादी पुसावी. आणि चष्मा खिडकीत कधीही ठेवू नये. दुपारचे ऊन भिंगातून आत शिरले तर ते पडद्यावर एकवटते आणि पडदा कायमचा जळतो.

शेवटचा मुद्दा जपणुकीचा. गूगलने शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ नावाची आभासी सहलींची सेवा चालवली होती. जून २०२१ मध्ये ती बंद झाली. ज्या शिक्षकांनी तिच्याभोवती पाठ रचले होते त्यांना ते नव्याने बांधावे लागले. म्हणून अंबरनाथचे शिल्प असो की शिकारपूरचे घर, शाळेने मूळ फोटो आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती सगळ्यांत आधी सांभाळाव्यात, कारण प्रतिकृती त्यांतून पुन्हा करता येते, प्रतिकृतीतून फोटो परत मिळत नाहीत. त्रिमिती फाइल कुठल्याही एका कंपनीच्या नव्हे, जीएलटीएफसारख्या खुल्या स्वरूपात ठेवावी. सोबत कागदावर तारीख, जागा, कॅमेरा, काम केलेल्या मुलांची तुकडी आणि अनुमानाने भरलेला भाग कुठला, हे लिहून ठेवावे. एक प्रत शाळेत आणि दुसरी गावाच्या सार्वजनिक वाचनालयात असावी.